नंबराला ठेवलेला नवरा

लातूर जिल्हा झाला ते १९८२ साल. पावसानं दगा दिला होता. रेशन दुकानापुढं बाया नंबराला दगड, चपला, डबे ठेवून सावलीला बसायच्या. त्या दिवशी माझ्या चपलेपुढं एक माणूस उभा होता.

"हे कुणी ठेवलं?" नंबरातल्या धुरपताबाईंनी विचारलं.

"पंचशीलाबाईनं. नवरा हाय त्यांचा, लिंबाजी. लेकरं शाळेत सोडून येते म्हणाल्या. मग दोघांची बी कचेरी," मी सांगितलं.

"मग सरकवा की पुढं."

"मावशी, मी आपला आपण सरकतो."

"दगड सरकतो का आपला आपण? थांबा, मी सरकवते."

"पुढचा नंबर!" दुकानदार व्यंकटराव म्हणाले. "कार्ड?"

"बायकोकडं हाय."

"पिशवी?"

"ती बी तिच्याकडंच."

"मग तुम्ही काय आणलं?"

"मी नंबर हाय. नंबर गेला तर लेकरांची दिवाळीची साखर गेली, व्यंकटराव."

"धुरपताबाई, ह्यांना बाजूला ठेवा."

"असं कसं? दुसऱ्याचा दगड आपण बाजूला ठेवतो का? मालकीण येईपर्यंत हात लावायचा न्हाई."

पंचशीलाबाई धापा टाकत आल्या, साखर घेतली.

"चला, आता कचेरीआधी तुम्हाला रॉकेलला लावते."

व्यंकटरावांचं दुकान पुढं लेकानं बंद केलं. धुरपताबाई देवणीला लेकीकडं वारल्या. परवा दवाखान्यात लिंबाजी दिसले. पंचशीलाबाई औषधाच्या खिडकीवर होत्या. बाकावर पिशवी होती, ती उचलून मी बसायला गेले.

"तिथं नका बसू, ताई. ती पंचशीला हाय."