इंजिनाचं पिंप

बाळकुमला टॉवरच्या कारंज्याला चोवीस तास पाणी. आमच्या चाळीला टँकर, तोही घरटी दोन हंडे. आज रांगेत रत्नदीप भलंमोठं पिंप घेऊन शिरला आणि कुंदामावशी भडकल्या.

"एवढं पाणी कुणाला रे?"

"होडीच्या इंजिनाला, मावशी. खालचा भाग पिंपात बुडवून घरीच चालू करून बघतो. कोरडं चालवलं तर जळेल."

"मग खाडीत ने की! तिथे काय टँकर लागतो?"

"रविवारी नेलेलं. मधेच बंद पडलं. सासऱ्यांनी होडी वल्हवत आणली."

"अगं बाई! सासऱ्यांनी?"

"उद्या परत येतायत. आता बंद पडलं तर बायकोला घेऊनच जातील."

"जाऊ देत! इथे माणसं तहानलेली, आणि तुझ्या इंजिनाला पिंपभर?"

"ते पीत नाही हो. खालून ओढतं आणि मागून पिचकारी सोडतं. गरम गरम."

"गरम?"

"हो. जरा तेलाचा वास येतो."

"लादी पुसायला चालेल. ए, पुढे सोडा रे त्याला! पिचकारीखाली पहिली बादली माझी."

"दुसरी माझी!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"अहो, आधी इंजिन तरी चालू होऊ द्या!"

"न होऊन सांगतं कुणाला? एवढी माणसं रांगेत उभी आहेत."