पाटीखालची बादली

तुम्ही हसाल, पण बादलीभर पाण्याने मी एकदा बायकोचा पाय मोडणार होतो.

कोहमाऱ्याच्या गोदामात मी आणि माझी सरजा कामाला होतो. औषधाची गोळी घट्ट धरून ठेवणारी पांढरी भुकटी तिथे पोत्यांत यायची. एक दिवस पोतं फाटलं. साहेब कधी येऊन धडकतील याचा नेम नव्हता, म्हणून सरजा घाईघाईने झाडू लागली. भुकटी उडाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. बोलता येईना, तशी ती भिंतीकडे हात करू लागली. तिथे पाण्याची बादली होती. घरी झाडायच्या आधी शिंपडतो तसं, धूळ बसावी म्हणून मी सगळी बादली फरशीवर ओतली.

धूळ बसली, पण भुकटी भिजून फरशी मासोळीसारखी बुळबुळीत झाली. सरजाच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

“हालू नको!” मी ओरडलो.

“हालून जाऊ कुठं?” ती मधोमध खांबासारखी उभी.

रिकामी पोती अंथरत, रांगत मी तिच्यापर्यंत गेलो. तिचा हात धरला तोच साहेब दारात.

“काका, पाणी काऊन टाकलं? भिंतीवर पाटी आहे ना, सांडलेली भुकटी कोरडीच उचला म्हणून!”

मला कुठे वाचता येतं? चौथी शिकलेली सरजा म्हणाली, “मी पाटीच दाखवून राहिली होती, साहेब. पण यायले माझा खोकलाच दिसला.”