कार्मीनच्या विहिरीतली दोरी

...आणि वर मलाच विचारतात, "भाऊ, खरं छापलंत ना?" अहो, छापलं ते खरंच होतं! एकतीस वर्षं बातमीदारी केली, एक शब्द मागे घेतला नाही... तेच तर नडलं!

तुम्हाला सांगतो, देवगडात कार्मीनबाईची खानावळ आहे, तिचं घर चालतं ते त्या खानावळीवरच आणि मी रोज जेवतो तोही तिथेच. शेजारची चारुता पुण्यात जीवाणूंवर संशोधन करते. ती सुट्टीत आली, कार्मीनच्या विहिरीचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि ओरडली, "काका, वाकडे आहेत!" म्हटलं, कोण? तर जीवाणू! त्यांच्या अंगात म्हणे प्रथिनाची दोरी असते, एकाच कुशीला. "पेशी वाढताना दोरी ताणली जाते, ती बाजू हळू वाढते, दुसरी भराभर, मग पेशी वाकते. वाढत्या पडवळाच्या एका अंगाला चिकटपट्टी लावून बघा, काका!" मी कसलं पडवळ बघतो? माझ्या डोळ्यांसमोर मथळा! 'कार्मीनच्या विहिरीत दोरीवाले जीवाणू'. छापलं ते खरंच होतं!

शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं हो, की हा जीवाणू निरुपद्रवी आहे, प्रथिनाच्या कसल्या ना कसल्या दोऱ्या बहुतेक जीवाणूंत असतात, अगदी दह्यातल्यासुद्धा. पण नेमका कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, अर्धं पान शुभेच्छा! कचेरीतून फोन, "भाऊ, आठ ओळी काढा." बातमी खालून कापायची, हा आमचा धर्म. कापली! मीच कापली!

दुसऱ्या दिवशी खानावळीत मी एकटा. दाराबाहेर एक जण दुसऱ्याला सांगतोय, "नको रे, पोटात जावन गाठ मारतली ती दोरी!" आणि कार्मीन? बांगड्याचं तिखलं वाढलं आणि वर, "आणखी भात घालू, भाऊ?" अहो, शिव्या घाल ना बाई! आणि माझ्या तोंडातून निघालं काय? "छापलं ते खरंच होतं." निर्लज्ज!

शेवटी नाक मुठीत धरून खुलासा छापला, पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी. पण खुलासा वाचतो कोण? म्हणून खानावळीच्या दारातच खुर्ची टाकली. येईल त्याला धरायचं, पेशी, दोरी, ताण, वाक, सगळं पाऊण तास... तोवर माणूस पसार! आठव्या दिवशी कार्मीन बाहेर आली, "भाऊ, उठा आता. लोका किड्यांका नाय, तुमका भियतत!"

म्हणून हल्ली मी असा बाहेर सांगत फिरतो... अहो, तुम्ही कुठे निघालात? ताणाचं अजून राहिलंच की... बरं, जा. पण जेवायला कार्मीनकडेच जा हो.