विषय : गाण्यातून आवाज वगळणेबाबत

...आणि सिंहावलोकन करायचं कुणी? वय किती, तर एकोणतीस! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, निरोप समारंभात माझं सिंहावलोकन साडेचार मिनिटांत उरकलं, त्यातली दोन माइक ठोकून बघण्यात गेली. आणि हा माझा पुतण्या यशवर्धन, त्याच्या ‘गीली माचिस’ बँडचं म्हणे ‘दस साल, बारह सिंगल’! सिंगल म्हणजे एकेकटं सोडलेलं गाणं. एकेकटी सोडलेली ती बाराही परत गोळा करून तबकडी काढली. मग सोडली कशाला होती? पण ते जाऊ द्या. माझा आवाज कुठाय?

हो, माझा! सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. छत्रीबागेतलं आमचं घर, भर दुपार, माझा नुकता डोळा लागलेला, आणि वरच्या खोलीत यांचं रेकॉर्डिंग... धडाम् धुडुम्! मी जिन्यातून ओरडलो, ‘यश, बंद कर ते! माणसं राहतात इथं!’ झालं, ते गाण्यात गेलं! आणि ती ड्रम बडवणारी रुची म्हणते, ‘काका, क्या टाइमिंग है! राहू द्या ना!’

राहू द्या? अहो, गाणं चाललं ना! महूच्या कॉलेजात पाचशे पोरं त्या जागेवर एका सुरात, ‘माणसं राहतात इथं!’ अर्ध्यांना मराठी येत नाही, पण हे तोंडपाठ! सराफ्यात हिचं मंगळसूत्र गाठवायला गेलो, तर गादीवरचा माणूस शेजारच्याला म्हणतो, ‘भिया, ये वोई काकाजी हैं! काकाजी, एक बार बोल दो ना!’ मी बोललो? मुळीच नाही. एकदाच बोललो. फार तर दोनदा.

पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही? मी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत, ‘विषय : गाण्यातून आवाज वगळणेबाबत’. दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र. उत्तर नाही... आणि उत्तर येत नाही हीच तर अर्जाची शोभा! छत्तीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?

तर गेल्या महिन्यात यश आला, पाया पडला, तबकडी हातात दिली. ‘काका, यावेळी तुमचं काम करून टाकलं. अर्ज मंजूर!’

माळ्यावरचा प्लेअर उतरवला, सातवं गाणं लावलं, जीव कानात आणून बसलो, ती जागा आली आणि... सन्नाटा! नुसती गिटार, किणकिण, किणकिण. म्हणजे माणसं राहतात इथं की नाही?

‘अरे, मंजूर करायला सांगितलं कुणी?’

‘तुम्हीच ना काका! बारा चिठ्ठ्या आहेत माझ्याजवळ.’

‘मग परत घाल!’

‘छप गई ना काका, तीनशे कॉपी. आता ‘बीस साल’ काढू तेव्हा बघू. अर्ज देऊन ठेवा.’

तेव्हा मी एक्याऐंशीचा! ओरडलो तर गाण्याआधी मलाच धाप लागायची!

अर्ज दिला. तीन प्रतींत. तोवर रोज दुपारी सातवं गाणं लावतो, ती जागा जवळ आली की खुर्चीत ताठ बसतो, छातीभर दम घेतो, तोंड उघडतो... आणि तुम्हाला सांगतो, रोज, माझ्याआधी अर्धी मात्रा, स्वयंपाकघरातून आमची कमल, ‘अहो, बंद करा ते! माणसं राहतात इथं!’

टाइमिंग, काय करता, तिचंच चांगलं आहे.