माहेरच्या आडनावाचं खातं

नाही जी, बसायले वेळ नाही मले — आधी ते काढा रोशनभाऊ, मंग बसते. आमचे हे, अपेक्षाचे बाबा, दुकानात माल उतरवून इकडेच येऊन राह्यले, लॅपटॉप घेऊन. ते यायच्या आधी माझ्या फॉर्म सोळातून तेवढी एक रक्कम कमी करून द्या, बास. — कोणती म्हणजे? तीच, जी तुम्ही यंदा जोडली. निवृत्तीच्या खात्याची. दरसाल पगारातून जेवढे कटतात तेवढेच येत होते, यंदा तुम्ही माझ्या जुन्या खात्यातलेही त्यात मिळवले. भलं करायले गेले तुम्ही, कळते मले. पॅन एक, बाई एक, खाते दोन — तुमाले वाटलं, मॅडमची सूट कायले बुडवावी. दुसरा बाबू असता तर त्यानं पाह्यलंही नसतं. मीच अभागी, मले चांगला बाबू भेटला!

हसू नोका. काल ते रिटर्न भरायले बसले ना — घरचे सगळे रिटर्न तेच भरतात, पासवर्ड त्यायच्याजवळ, ओटीपी त्यायच्याच फोनवर — तर सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात दाखवलं, या खात्याच्या नंबरावर एवढी रक्कम जमाच नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. मी पोळ्या लाटून राह्यलती. म्हणे, "सत्यभामा, तुमच्या बाबूनं कोण्या दुसऱ्या बाईचे पैसे तुझ्यात घातले. उद्या धरतो त्याले." मी म्हटलं, असंल. काय म्हणू दुसरं? अन् सकाळी अर्धी रजा टाकून तुमच्या दारात आली.

— दोन खाते कसे? सोपं आहे. नोकरी लागली तवा मी केळापूरकडे, सत्यभामा उकंडा मनवर. लग्न झालं, बदली झाली, इथं नवीन नावानं पुन्हा फॉर्म भरून घेतला — सत्यभामा संघदीप वाघमारे — अन् नवीन नंबर आला. जुनं बंद करा असं कोणी सांगतलं नाही, मीही केलं नाही. एका माणसाले एकच खातं असते, माहीत आहे मले. माहीत असून टाकत होती. — पैसे? निवडणुकीच्या ड्यूटीचा भत्ता. केंद्रावर रोख हातात देतात ना, तोच. घरी सांगत होती, अजून निघाला नाही. ज्या सालचा हा फॉर्म आहे, त्या साली तर लोकसभाही झाली, विधानसभाही झाली. बाकीच्या मॅडम ड्यूटी कापायले आजारपणाचे दाखले आणतात, अन् मी म्हणते, माझं नाव टाका!

वाईट नाहीत हो ते. दारू नाही, हात उचलणं नाही. हिशेबी आहेत. पगाराचं एटीएम त्यायच्या खिशात असते, लागतील तेवढे देतात — विचारून देतात. चप्पल घ्याची असली तर जुनी दाखवा लागते. उलटून पाहतात, खरंच तुटली का. मी मास्तरीण आहे रोशनभाऊ, चाळीस लेकरं माझ्या शब्दावर उठतात-बसतात, अन् घरी मी चप्पल हातात घेऊन उभी राहते.

अन् हेच खातं काहून, तर रिटायर होईपर्यंत त्यातले सहज निघतच नाहीत. कोणी मागितले, कोणी रडलं, मीच पाघळली, तरी नाही. तवा बोरी अरबले एक खोली घेईन म्हटलं, दीपाच्या घराजवळ. मैत्रीण आहे माझी. एक खोली, एक गॅस, एक पलंग. — हो, एकच म्हटलं मी. — असं नोका पाहू माझ्याकडे. हे मी दीपालेही सांगतलं नाही. तुमाले कायले सांगून राह्यली, देव जाणे.

— जोडून टाकू म्हणता दोन्ही? एका अर्जानं? अन् जोडल्यावर पासवर्ड कोणाजवळ? आत्ताच सांगतलं ना. जुन्या खात्यावर वारस अजून माझा बाप आहे. बाबा जाऊन जमाना झाला, पण ते नाव मी काढलं नाही. तेवढ्या एका जागी मी अजून त्यायची आहे. — काय? साहेबाची सही झाली? आकडे वर, इन्कम टॅक्सले गेले? म्हणजे आता बदलत नाही… बरं. मंग कागद राहू द्या. फक्त तोंडानं सांगा त्यायले — टायपिंगची चूक झाली, पगारातलीच रक्कम धरा, बाकी सोडा. टॅक्स थोडा जास्त बसंल, बसू द्या. तुमच्यावर काही येणार नाही. एक वाक्य, रोशनभाऊ. पाया पडू का? मोठी आहे मी तुमच्याहून, पण पडते —

आले. त्यायचीच गाडी ती. बोलाल ना?

या. हेच रोशनभाऊ. — हो, मीच आली आधी, म्हटलं तुमाले खेप पडू नये. — दाखवा, दाखवा त्यायले ते लाल अक्षर. — सांगा ना, भाऊ. चूक झाली म्हणत होते ना आत्ताच? — रोशनभाऊ? — टेबलाकडे काय पाहून राह्यले, बोला ना. — अहो, त्यायच्यावर नोका ओरडू. ते काय बोलतील. त्यायचा आकडा बरोबर आहे.

रोशनभाऊ, तुम्ही जरा बाहेर जाता का? — हो, ऑफिस तुमचंच आहे. जा. अन् दार लोटून घ्या.