फाटकावरची म्हातारी जुळेना

धाकटा: …नाही वहिनी, परत तेच. लाल चौकट आणि ‘फाइल जुळत नाही’. तुझ्याकडे काय येतंय?

सून: तेच. मग गेम मला बाहेर काढतो.

आई: काढणारच. गेमला माणसं कळतात म्हणायची.

धाकटा: आई, तिला ऐकू जातंय. हेडफोन तुटलाय, फोनचा स्पीकर चालू आहे.

आई: ऐकू जावं म्हणूनच बोलतेय. हातात इस्त्री असली की माझा आवाज चढतो, त्याला मी काय करू.

सून: भावजी, त्यांना सांगा, इस्त्री नसतानाही चढतो.

आई: बघ. माझ्या थोरल्याला घेऊन घर सोडून वर्ष झालं, जीभ अजून इथंच ठेवलीय तिनं.

धाकटा: तुम्ही दोघी भांडा, पण जरा मला काम करू द्या. संध्याकाळी हे सगळ्यांसाठी खुलं करतो म्हणून सांगून बसलोय. लोक वाट बघतायत. आपल्या दोघांच्याच कॉम्प्युटरवर चालत नाही, तर जगाच्या कसं चालणार?

आई: मग ज्यांचा गेम आहे त्या कंपनीला फोन कर. मशीन बिघडलं की मी कारागिराला बोलावते, पोराला बसवत नाही.

धाकटा: कंपनीचा गेम धड आहे. त्यात आम्ही आमचं गाव घातलंय ना. नदीवरचा पूल, पुलाच्या तोंडाला फाटक, फाटकावर तुझ्या आवाजाची म्हातारी. ह्याला मॉड म्हणतात. आणि दोघांना एकत्र खेळायचं तर दोघांकडे मॉडच्या फाइली तंतोतंत सारख्या लागतात. एकीत टाचणीएवढा फरक निघाला तरी गेम दुसऱ्याला आत घेत नाही.

आई: म्हणजे दोन्ही घरात सामान एकच पाहिजे.

धाकटा: हो, तसंच.

आई: मग फुटलेल्या घरात कसं जमायचं ते.

सून: भावजी, मी पुन्हा करून बघते. काय काय करू ते क्रमानं सांगा.

धाकटा: मॉडचा आकडा बघ आधी. माझ्याकडे एक पूर्णांक चार आहे.

सून: माझ्याकडेही तोच.

धाकटा: गेम आपोआप अपडेट झाला का?

सून: बंद करायला सांगितलं होतंत, बंदच आहे.

धाकटा: जुना फोल्डर काढून टाकलास? की त्याच्यावरच नवा उतरवलास? जुन्याचं काही मागं राहिलं तरी असं होतं.

सून: काढला.

धाकटा: सगळा?

सून: सगळा म्हणजे… हो. काढला.

आई: ‘सगळा म्हणजे हो’. माझ्याकडे गिऱ्हाईक असं बोललं की मी त्याचा शर्ट उलटा करून बघते.

धाकटा: थांबा. चौकटीच्या खाली बारीक अक्षरात फाइलीचं नाव येतंय, मघापासून माझं लक्षच नव्हतं. ‘म्हातारी, चेहरा’.

सून: चेहरा? चेहऱ्याला मी हातसुद्धा लावला नाही. मी काढला तसाच आहे तो. तुम्ही लावलात?

धाकटा: थोडासा. हनुवटीपाशी.

सून: चामखीळ काढलीत?

आई: मी काढायला लावली. सांग तिला.

सून: मला न विचारता? माझ्या चित्रातून?

आई: तिला म्हणावं, मी कुणाला विचारून तोंड धूत नाही. आवाज माझा, नाक माझं, कंबरेवर हात ठेवायची तऱ्हा माझी. चामखीळ तेवढी तिला आठवणीत राहिली होय. सगळ्या जगापुढं मी ती घेऊन उभी राहू?

सून: त्यांना सांगा, चामखीळ आहे त्यांना.

आई: आहे ती माझी आहे. दाखवायची का झाकायची ते मी ठरवीन.

सून: आणि चित्र माझं आहे. चामखिळीशिवाय ती म्हातारी कुणाचीही म्हातारी दिसते. त्या एका ठिपक्यानं ती कुणाची तरी झाली होती.

धाकटा: वहिनी, अगं मी काय करणार होतो? ही बाजूला इस्त्री घेऊन उभी. गरम.

सून: …बरं. जाऊ दे. तुमची फाइल पाठवा, मी तीच ठेवते. चामखीळ नको तर नको.

धाकटा: खरंच?

सून: उशीर होतोय ना तुम्हाला. पाठवा.

आई: थांब. एवढ्यात ऐकलं हिनं? दोन वर्षं ह्या घरात होती, भात आसट झालाय म्हटलं तरी ऐकून घेतलं नाही. आज तोंडावरचा ठिपका मुकाट सोडते? हिच्याकडे दुसरं काहीतरी शिजतंय.

धाकटा: आई, प्रत्येकात खोट काढायलाच पाहिजे का?

आई: डाग काढायचा धंदा आहे माझा. आधी तो दिसावा लागतो.

धाकटा: पाठवली, वहिनी.

सून: आली. जुनीच्या जागी टाकली. गेम सुरू करते… पूल दिसतोय… परत बाहेर.

धाकटा: आता कुठली म्हणतोय? ‘म्हातारी, आवाज सात’.

आई: घे. शिजलं.

धाकटा: आवाजांना मी हात लावलेला नाही. आईनं बोललेली नऊच्या नऊ वाक्यं होती तशी आहेत. वहिनी, तुझ्याकडची सातवी केवढी आहे?

सून: उतरताना बिघडली असेल.

धाकटा: मग तेवढी एकच परत उतरव. एवढीशी तर आहे.

सून: नेट हळू आहे आज.

आई: आत्ता हळू झालं. मघाशी माझं तोंड टुणकन गेलं तिच्याकडे.

धाकटा: वहिनी, ती फाइल वाजवून दाखव.

सून: नको, भावजी.

धाकटा: अगं, बिघडलीय का ते तरी कळेल.

सून: बिघडलेली नाही. रिकामी आहे. त्यातला आवाज मी पुसला आणि नाव तेच ठेवलं. मला वाटलं, नाव सारखं असलं की गेमला कळणार नाही.

धाकटा: तो नाव नाही बघत, आतलं बघतो. आणि नवा फोल्डर उतरवलास तेव्हा?

सून: त्यातही माझीच परत टाकली.

आई: सातवं कुठलं रे?

धाकटा: असू दे ना, आई.

आई: मी विचारलं काहीतरी.

धाकटा: ते… ‘एकदा गेलेल्याला हे फाटक उघडत नाही. लांबच्या वाटेनं जा.’

आई: तेच पुसलं? नऊतलं सगळ्यात झणझणीत तेच होतं. बोलले तेव्हा तू खुर्चीवरून पडायचा राहिला होतास.

धाकटा: म्हणून तर मी ते वाक्य आलं की फाटक खरंच बंद राहील असं केलं. मग जंगलातून वळसा घालावा लागतो, लांडगे लागतात. खेळणाऱ्याला मजा येते.

सून: येत असेल. मी ते आधी ऐकलंय, भावजी. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा. फक्त तेव्हा फाटक नव्हतं, दार होतं.

आई: ऐकलं होतं ना? मग दुसऱ्यांदा ऐकायला कान दुखले का? खरं होतं म्हणून झोंबलं.

सून: झोंबायचं तेव्हाच झोंबून झालं.

आई: मग माझ्या आवाजाला हात लावायचा हक्क तिला कुणी दिला? विचार तिला.

सून: चामखीळ पुसायचा हक्क ज्यांनी दिला त्यांनीच.

आई: चामखीळ कातडीवर असते. बोललेलं आतून येतं. काढ रे, माझे सगळे आवाज काढून टाक त्या गेममधून. नऊच्या नऊ.

सून: मग माझी चित्रंही काढा. पूल, फाटक, म्हातारी. सगळं परत घेते.

धाकटा: मग राहिलं काय? नदी. ती कंपनीची आहे. त्या लोकांना सांगतो, या, नदी बघा आणि घरी जा.

आई: तू हसू नकोस. तूच हे लावलंस. हिच्याशी बोलायचं नाही म्हटलं तर मागच्या खोलीत बसून हिच्याबरोबर गावं वसवतोस. मी पुढं दुकानात गठ्ठे बांधतेय, आणि माझाच पोरगा माझाच आवाज तिच्या घरी नेऊन देतो.

धाकटा: तू तो आनंदानं दिलास, आई. दुपारभर बोलत होतीस. मी नको म्हणेपर्यंत.

आई: जगासाठी दिला. तिच्यासाठी नाही.

सून: मी माझ्यासाठी पुसलाच नाही.

आई: मग कुणासाठी? शेजारपाजाऱ्यांसाठी?

सून: भावजी, त्यांना सांगा… नाही, तुम्ही नका सांगू. आई, मीच सांगते. ह्यांच्यासाठी पुसला.

आई: त्याला कधीपासून गेम कळायला लागले? त्याला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही.

सून: खेळत नाहीत ते. कामावरून आले की, मी एकटीच खेळत असते तिथं, माझ्या मागं खुर्ची ओढून बसतात. चहा घेऊन. म्हणतात, फाटकाकडे जा. मी गेले की म्हातारी काहीतरी बोलते. मग म्हणतात, बाहेर ये आणि परत जा. मी मालाचा गाडा घेऊन त्या फाटकातून आत-बाहेर करत बसते, दुसरं काही नाही. ‘चिखलाचे पाय घेऊन आत आलास तर पाय इथंच ठेवून घेईन’, हे आलं की हसतात. मोठ्यानं.

धाकटा: दादा हसतो?

सून: हो. आणि सातवं लागलं की उठतात. चहा तसाच. गॅलरीत जाऊन उभे राहतात. कुठलं वाक्य कधी लागेल ते गेम ठरवतो, मला काही करता येत नाही. म्हणून पुसलं. ते बसून राहावेत म्हणून.

(इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज.)

आई: फोन करायला बोटं झडली का त्याची?

सून: तुमची?

धाकटा: वहिनी.

आई: बोलू दे. आता तोंड सुटलंच आहे तिचं. …चहात साखर किती घालतेस त्याच्या?

सून: घालत नाही. डॉक्टरांनी बंद केलीय.

आई: हे मला आज कळतंय. गेमच्या फाइली जुळवता जुळवता.

सून: सांगणार होतो. दाराचं वाक्य मध्ये येत होतं.

धाकटा: मी काय करू ते सांगा. दोन्हीकडे सातवी एकच पाहिजे. वहिनीची रिकामी मी घेऊ, का आपली तिच्याकडे पाठवू?

सून: पाठवायची असेल तर पाठवा. मग मी त्या गावात येणार नाही, एवढंच. चित्रं राहू देत तुम्हाला.

आई: मध्ये बोलू नकोस. आणि तू रे, रिकामी घेऊ नकोस. लोक फाटकावर येतील, म्हातारी तोंड उघडेल आणि आवाज नाही. म्हणतील, बिचारीची वाचा गेली. माझी वाचा मी मेल्यावर जाईल.

धाकटा: मग जुनीच?

आई: ऐक आधी. बोललेलं मी मागं घेत नाही. ते वाक्य माझं आहे, जिथं बोलले तिथं पडलेलं आहे, ज्याला उचलायचं त्यानं उचलावं. पण मी ते एकदा बोलले होते. तुमच्या ह्या यंत्रानं ते मला रोज बोलायला लावलंय. कापडाला कडक घडी एकदा पाडायची असते. रोज त्याच घडीवर इस्त्री फिरवली की कापड तिथंच तुटतं, मग गिऱ्हाईक मलाच बोल लावतं. तो माइक दे इकडे.

धाकटा: नवीन बोलणार?

आई: नाही, चाटणार. लाव.

धाकटा: लाल दिवा लागला की बोल. …लागला.

आई: आता कुठं उगवलास? फाटक काय मी हातानं ओढून देऊ? ढकल, उघडंच आहे. आणि आत ये लवकर, उन्हात उभं राहून म्हातारीचं तोंड काय बघतोस.

धाकटा: …झालं?

आई: झालं. जास्त गोड नको व्हायला, लोकांना खरं वाटणार नाही.

धाकटा: पण आई, सातव्याला फाटक बंद राहतं असं लिहून ठेवलंय मी. म्हातारी ढकल म्हणेल आणि फाटक उघडणार नाही.

आई: मग तेही बदल. आपण उघडं म्हणायचं आणि दार लावून ठेवायचं, असली माणसं नाही आपण. जे करायचं ते तोंडावर करतो.

सून: हो. ते मात्र खरं आहे.

आई: तिनं खरं म्हणायची गरज नाही. आणि चामखीळ परत लावायची नाही, ते ठरलंय. सांगून ठेवते.

सून: नका लावू. मला पाठ आहे ती.

धाकटा: फाटकाचं बदललं. दोन्ही फाइली पाठवतोय, वहिनी. स्वतःचं काही मध्ये घालू नकोस ह्या वेळी.

सून: आल्या. टाकल्या. गेम सुरू करतेय.

आई: आता काय होतंय?

धाकटा: तपासतोय तो. एकेक फाइल दोन्हीकडची बघतो.

आई: एवढा वेळ?

धाकटा: म्हातारीचं सामान फार आहे.

सून: पूल आला. …नदी आली. भावजी, मी आत आहे.

धाकटा: दिसलीस. गाडा घेऊन पुलावर उभी आहेस. लाल चौकट नाही. आई, जुळलं.

आई: मला काय सांगतोस, माझे शर्ट पडलेत अजून. गार झाली इस्त्री तुमच्या नादात.

सून: भावजी, खाली गाडीचा आवाज आला. हे आलेत वाटतं. हो, जिन्यात आहेत. …आई, त्यांना फोनवर देऊ का?

आई: काही देऊ नकोस. काही सांगूही नकोस. चहा घेऊन खुर्चीत बसू दे त्याला. मग फाटकाकडे जा.