म्हातारीच्या गिअरचं माहेर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख आदरणीय डॉक्टरबाई, व्यासपीठावर विराजमान असलेले वाहन विभागाचे साहेब, ज्यांच्या निवृत्तीसाठी आज हा हॉल भरला आहे ते आपले ड्रायव्हर मामा, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मामी, पहिल्या रांगेतल्या कोंबडीवाल्या आजी, वरच्या वस्त्यांवरून पहाटे निघून आलेली मंडळी आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण लिहून आणलं आहे. आठवीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे एकेक शब्द दोनदा तपासला. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. पण आता इथे उभं राहिल्यावर लक्षात येतंय, की ते तुम्हाला ऐकू येणार नाही.

मामांबद्दल बोलायचं तर म्हातारीबद्दल बोलावं लागतं. मामींनी गैरसमज करून घेऊ नये. म्हातारी म्हणजे आपली जुनी जीप. वरच्या वस्त्यांवर दर आठवड्याला डॉक्टरबाई जातात त्या हिच्यातून. वाट म्हणजे आधी ओढ्यातले गोटे आणि मग तो उभा चढ. नवी रुग्णवाहिका पहिल्या गोट्यालाच पोट टेकते. म्हातारी मात्र पुढच्या चाकांनाही ताकद देते, म्हणून चढते.

आणि या वर्षी तेच बंद पडलं. चढावर मधोमध आतून काहीतरी कडाडलं, पुढची चाकं नुसती शोभेची झाली. मामांनी गाडी इंचाइंचाने मागे घेत खाली आणली. डॉक्टरबाई बाजूने चालत होत्या. वर्कशॉपात मामांनी आणि त्यांचा मदतनीस म्हणून मी ट्रान्सफर बॉक्स उघडला. हाच डबा पुढच्या चाकांना ताकद वाटतो. आत एका गिअरचे दात पार झडलेले, आणि त्यावरचा नंबरही झिजून गेलेला.

साहेबांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं, महिनाअखेरपर्यंत गाडी चालू झाली नाही, तर ती भंगारात जाईल आणि वरच्या लोकांना खाली यावं लागेल. साहेब, तुमच्या खुर्चीत बसणाऱ्याला तसं बोलावंच लागतं. पण त्यावर डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "ज्याला तो चढ उतरता येतो, त्याला माझी फारशी गरज नसते हो."

मामांनंतर ही गाडी माझ्या हातात येणार, हे तेव्हाच ठरलं होतं. गाडी येणार की नुसती किल्ली, एवढाच प्रश्न होता. मला तर झोप लागेना.

मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने मॉडेलचं नाव पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाला, "अजून चालते?"

मी म्हटलं, "चालत नाही, म्हणून तर फोन केलाय."

एका दुकानदाराने तर हात जोडले. "भाऊ, त्या गाडीचे पार्ट संपले. आठवणी हव्या तेवढ्या देतो." भंगारवाला म्हणाला, जुनं लोखंड वजनदार, ते आलं की टिकतं कुठे, लगेच वितळायला जातं. एका हौशी गृहस्थांकडे अगदी हीच जीप होती. चकचकीत, चढ कधी न पाहिलेली. मामांनी तिच्यातला गिअर मागितला, तर ते म्हणाले, "उद्या मी तुमची किडनी मागितली तर?" मामा म्हणाले, "घ्या की. पण तीही याच मॉडेलची आहे, बसेल का बघा!"

हसू नका. त्या दिवशी परत येताना मामांनी वाटेतल्या प्रत्येक भंगारवाल्याकडे पुन्हा विचारलं.

मग आजींचा पत्ता लागला. आजींच्या घरामागे तशीच जीप उभी आहे. आजोबा गेल्यापासून तिच्यात कोंबड्या राहतात. आम्ही आमची अडचण सांगितली. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या. पण गाडी हलता कामा नये. पुढच्या सीटवर कोंबडी बसलीये अंड्यांवर."

आता मला सांगा, गाडी न हलवता तिच्या पोटातून गिअर काढायचा कसा? हातोडी वापरायची नाही. गंजलेला नट सुटला तर आनंदानेही ओरडायचं नाही. मी आणि मामा दिवसभर खाली उताणे पडलेलो, तोंडावर गंज पडतोय, आणि जरा कुठे पाना घसरला की मामा कुजबुजायचे, "अरे हळू! वर बाळंतीण आहे."

कोंबडी उठली नाही. आम्ही गिअर फडक्यात गुंडाळून आणला, तेलात धुतला, आणि बसवायला गेलो. बसेना. भोक मोठं, जाडी कमी. उलटा करून पाहिला, पुन्हा मोजला. कंपनी तीच, मॉडेल तेच आणि तरीही गिअर परका. मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो. मामांनी हात पुसले आणि म्हणाले, "पोरा, झालं तेवढं झालं. साहेबांना सांगून येतो."

नेमक्या तेव्हा मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या. मामी, खाली बघू नका. हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. त्यांनी आमची तोंडं पाहिली, टेबलावर उघडा पडलेला ट्रान्सफर बॉक्स पाहिला, आणि म्हणाल्या, "हा मेला अजून आहे का?"

मामा म्हणाले, "कोण?"

"हाच! पुराच्या वर्षी माझ्या न्हाणीघरात डिझेलने धुतला होतात तो. महिनाभर साबणाला वास येत होता. तो लाकडं वाहणारा ट्रक नव्हता का उलटला? त्याचाच ना हा?"

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ओढ्याच्या पुरात म्हातारी बुडाली होती, तिचा ट्रान्सफर बॉक्स फुटला होता. तेव्हा मामांनी त्या छोट्या ट्रकचा अख्खा बॉक्स आणून, जोड देऊन, हिला बसवला होता. कार्यालयात सांगितलं, दुरुस्त केला. साहेब, तुम्ही तेव्हा नव्हता, तुमच्या आधीच्या साहेबांनीही फार विचारलं नव्हतं. आणि मामांनी "दुरुस्त केला" हे इतक्या जणांना, इतकी वर्षं सांगितलं, की शेवटी त्यांनाही तेच खरं वाटू लागलं.

आपल्याकडे नाही का होत? सून घरात इतकी मुरते, की तिचं माहेर कुठलं हे सासूलाच आठवत नाही. आम्ही जगभर म्हातारीच्या नावाने हिंडत होतो आणि गिअर तिचा नव्हताच!

तो ट्रक आजही बनतो. त्याचा गिअर कुठे मिळाला म्हणता? वर्कशॉपच्या समोरच्या दुकानात. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "एक देऊ की दोन?" मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. आम्ही दोघंही भर दुकानात वेड्यासारखे हसत सुटलो. माझे तर डोळे वाहत होते. दुकानदाराने घाबरून एकच दिला.

तो पहिल्याच फटक्यात बसला, म्हातारी मुदतीत चालू झाली. आजींचा गिअर आम्ही परत नेऊन जिथल्या तिथे बसवला. मी म्हटलं होतं, जी गाडी चालतच नाही तिला गिअर कशाला? मामा म्हणाले, "आजोबांची गाडी आहे. पुरी असू दे." तेव्हा पिल्लं बाहेर आली होती, एवढीच काय ती जास्त गंमत.

गेल्या आठवड्यात मामांची शेवटची फेरी झाली. स्टिअरिंगवर मी, मागे औषधांच्या पेट्यांजवळ डॉक्टरबाई, आणि मामा माझ्या शेजारी. दुसरा कोणी चालवत असला की मामा कसे बसतात, हे इथे कोणाला सांगायला नको. हात डॅशबोर्डवर, पाय जमिनीवर दाबलेला, जणू तिथेही एक ब्रेक आहे. ओढा ओलांडला. चढ समोर आला. मी ट्रान्सफरचा दांडा पुढे ढकलला. पुढच्या चाकांनी दगड पकडला, नाक वर उचललं गेलं, आणि आता मामा ओरडतील म्हणून मी कान टवकारून बसलो. डावीकडे घे, दम धर, क्लच सोड. काहीच नाही. अर्धा चढ झाला तरी काही नाही. मी घाबरून शेजारी पाहिलं.

मामा झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीकडे, आणि हात मांडीवर मोकळे.

मागून डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "उठवू नकोस. चालव तू."

मी चालवली. वस्तीवरची माणसं गाडीचा आवाज ऐकून आधीच दाराबाहेर येऊन उभी होती. त्यातली बरीच आज या हॉलमध्ये बसली आहेत, म्हणून मी यात तिखटमीठ लावू शकत नाही.

मामा, तुम्हाला मी दुसरं कोणतंही प्रशस्तिपत्र देऊ शकत नाही, आणि तुम्ही मला त्या झोपेपेक्षा मोठं काही देऊ शकला नसता. आता घरी हवं तेवढं झोपा. मामींनी परवानगी दिली तर.

साहेबांनी थोडा वेळ दिला, डॉक्टरबाईंनी धीर दिला, आजींनी गाडीचं पोट उघडू दिलं, आणि मामींनी इतकी वर्षं राग धरून ठेवला म्हणून आमचं काम झालं. सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, किंवा थट्टा जरा पुढे गेली असेल, तर ती माझ्या जिभेची चूक समजून सोडून द्या. कागदावर सगळं नीट होतं. धन्यवाद.